तो प्रश्न इरिसबेकचा

उमसुनायला कुणी काही विचारलं की ती सरळ उत्तर देत नाही. "तुला काय वाटतं?" असं उलट विचारते. मीठ कुठे ठेवलंय असं नवऱ्याने विचारलं तरी हेच. तो उन्हाळाभर वर कुरणात मेंढरांमागे असतो, आणि मेंढरं निदान उलट विचारत नाहीत असं तोच हसत सांगतो. आमच्या गल्लीत तिचं घर माझ्या घराला लागून आहे, मधे फक्त एक बुटकी मातीची भिंत. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या भिंतीवरून आम्ही बोलत आलोय.

उंच, हाडापेराने मोठी, बोलणं सावकाश. बाप मेंढपाळ. मी राजधानीत, बिश्केकला कॉलेज करून आले आणि चूल धरली. तिने चूल सांभाळत, बाहेरून परीक्षा देत पदवी घेतली. इथल्या शाळेत ती भौतिकशास्त्र शिकवते. शाळेत बाईंना एजे म्हणायचं आणि सरांना अगाय, म्हणून ती सगळ्या गावाची उमसुनाय एजे.

साथीमुळे शाळांना कुलूप लागलं त्या हिवाळ्यात बाकीचे शिक्षक फोनवरून फक्त पानांचे आकडे पाठवायचे. अमक्यापासून तमक्यापर्यंत वाचा. उमसुनाय मात्र स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला फोन टेकवायची आणि दोन मिनिटांचा धडा रेकॉर्ड करायची. किटलीचं झाकण का उडतं. कडाक्याच्या थंडीत दाराची लोखंडी कडी हाताला चिकटते, मग लाकडी का नाही. शेवटी उत्तर नाहीच, नुसता प्रश्न विचारून फोन बंद. उत्तर मुलांनी आपापल्या घरात, गोठ्यात शोधायचं, आपला छोटा व्हिडिओ करून वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा, आणि बाकीच्यांनी त्याला भंडावून सोडायचं. जी मुलं हिवाळी गोठ्यांवर राहत होती त्यांना रेंज नव्हती. ती टेकडी चढून धडा उतरवून घ्यायची, खाली येऊन हवा तितक्यांदा बघायची, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचा व्हिडिओ घेऊन पुन्हा टेकडी चढायची.

त्या वर्गात बुरुल नावाची मुलगी आहे. बोलताना अडखळते. हजेरीला तिचं नाव पुकारलं की शेजारची 'हजर' म्हणायची. तिने गोठ्यात उभं राहून गाईच्या नाकातून निघणारी वाफ दाखवली आणि ढग कसा होतो ते सांगितलं. अडखळलं की पुसायचं, पुन्हा बोलायचं; किती वेळा पुसलं ते त्या गाईलाच ठाऊक. तिची आई सायीचा वाडगा घेऊन माझ्याकडे आली, कारण थेट उमसुनायच्या दारी जायचा तिला संकोच वाटत होता. मुलीचं एक वाक्य आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत आज ऐकलं, एवढंच बोलली आणि वाडगा ठेवून गेली.

शाळा उघडल्यावरही उमसुनायने ती रीत सोडली नाही. धडा घरी फोनवर बघायचा, वर्गात भांडायचं. ती प्रश्न टाकायची, प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर ठरवायचं, चुकलं तरी चालेल. मग शेजाऱ्याकडे वळून त्याला पटवायचं किंवा त्याचं पटवून घ्यायचं, आणि पुन्हा उत्तर द्यायचं. तिच्या वर्गावरून गेलं की जनावरांच्या बाजारावरून गेल्यासारखं वाटायचं. माझी नुरपेरी त्याच वर्गात. घरी आली की मलाही सोडायची नाही. "आई, तुला कशावरून माहीत?" हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

आमचे मुख्याध्यापक ओस्मोनकुल अगाय. रुबाबदार गृहस्थ, भरदार आवाज. लग्नात दोन शब्द बोलायला उभे राहिले की ताटातलं मटण गार होतं. फोन म्हणजे कचरा, असं ते दर सभेत सांगायचे. पण प्रांताने डिजिटल धड्यांची स्पर्धा जाहीर केली तेव्हा त्यांना त्या कचऱ्याची आठवण झाली. त्यांनी उमसुनायला बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं की मुलांची ही सगळी मेहनत एखाद्या फुटक्या फोनबरोबर वाहून जायला नको, शाळेच्या कॉम्प्युटरवर जपून ठेवू. तिने सगळं दिलं. महिन्याभराने टीव्हीवर बक्षीस समारंभ दाखवला. तेच व्हिडिओ, तीच बुरुलची गाय. फक्त उमसुनायचा आवाज जिथे जिथे होता तिथे आता कोमुझच्या तारांची धून होती, आणि वर नाव होतं ओस्मोनकुल अगायांची पद्धत.

ती त्यांच्या खोलीत गेली आणि विचारलं. बास, एवढंच केलं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी पालकांची सभा बोलावली. मी तिथे होते. नाव न घेता, पण तिच्याकडे बघत ते म्हणाले की काही बायकांना स्वतःचं घर सांभाळायला होत नाही, नवरा डोंगरात, म्हणून त्या दुसऱ्यांच्या मुलांशी फोनवर खेळत बसतात. आपल्या मुलींच्या हातात काय येतंय याची आईबापांनी काळजी करावी. पुरुष खाली बघू लागले. दोनतीन बायकांनी बरोबर आलेल्या मुलींच्या हातातले फोन तिथल्या तिथे काढून घेतले. बुरुल-नुरपेरीचा आठवीचा वर्ग तिच्याकडून गेला, अगायांनी तो स्वतःकडे घेतला. तिला शिवणकामाचे तास दिले. बुरुलची हजेरी पुन्हा शेजारची मुलगी देऊ लागली.

बक्षिसात मिळालेले लॅपटॉप एका खोलीत मांडले. वरचं प्लास्टिक तसंच ठेवलं, प्रत्येकावर अगायांच्या बायकोने विणलेला पांढरा रुमाल, आणि दाराला कुलूप. पाहुणे आले की दार उघडायचं, पाहुणे गेले की बंद.

त्या दिवसांत आम्ही दोघी माझ्या अंगणात नमद्यासाठी लोकर लाटत होतो. गुंडाळी पायाने ढकलायची, ओढायची, पुन्हा ढकलायची. मी म्हणाले की भर चौकात त्याच्या तोंडात मार एक, त्याची टोपी धरायला मी येते. तिने गुंडाळी पुन्हा पुढे ढकलली.

"मारलेलं दोन दिवसांत बरं होतं गं," ती म्हणाली. "मला त्याला असं काही द्यायचंय जे तो जन्मभर चघळत बसेल."

तिच्या तोंडून एवढं सरळ उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं. तेव्हाच मला कळलं की ही आता थांबणार नाही. आणि खरं सांगायचं तर ती थांबू नये असंच मलाही वाटत होतं. रोज संध्याकाळी भिंतीवरून मी तिला एखादी नवी युक्ती सुचवायचे. वर्तमानपत्राला लिही. मंत्र्याला लिही. त्याच्या गाडीच्या टाकीत साखर घाल. ती ऐकून घ्यायची आणि माझ्या कढईतला एखादा बोर्सोक, तळलेल्या कणकेचा गोळा, उचलून निघून जायची. फोनमधले जुने धडे जागा होत नाही म्हणून केव्हाच पुसले गेले होते, पुरावा नव्हता हे तिला माहीत होतं. तिचा आवाज तर त्यांनी पुसूनच टाकला होता.

वसंतात बातमी आली. राजधानीतून समिती येणार, अगायांचा खुला धडा बघणार. आवडला तर आमची शाळा आदर्श शाळा होणार, आणि ओस्मोनकुल अगाय जिल्ह्याच्या शिक्षण खात्याच्या खुर्चीवर जाणार. मग जिल्ह्यातल्या कुठल्याच शाळेत उमसुनायला शिकवायला वर्ग मिळणार नाही, हे न सांगता सगळ्यांना कळलं होतं. तिला तर अगायांनी सांगितलंच. शिवणाच्या मशिनी आणखी मागवतो म्हणाले.

खुल्या धड्याची तयारी कशी असते ते आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. शिक्षक प्रश्न आधीच वाटून देतो. एक प्रश्न एका मुलाला. त्याने आपलं उत्तर पाठ करायचं. पाहुण्यांसमोर सगळ्यांनी हात वर करायचे, म्हणजे वर्ग हुशार दिसतो. ज्याचा प्रश्न असेल त्याने उजवा, बाकीच्यांनी डावा. शिक्षक उजव्या हाताला उठवतो, उत्तर घडाघड येतं, पाहुणे मान डोलावतात. माझ्या लहानपणीही असंच होतं, माझ्या सासूच्याही.

नुरपेरीच्या वाट्याला बर्फ पाण्यावर का तरंगतो हा प्रश्न आला होता. ती कणीक मळताना त्याचं उत्तर म्हणायची, गाईला पाणी दाखवताना म्हणायची. एकदा उमसुनाय भिंतीशी उभी असताना मी सहज नुरपेरीला विचारलं की लोखंडाचं जहाज मग का बुडत नाही. पोरीने माझ्याकडे असं बघितलं जणू मी शेजाऱ्याच्या ताटात हात घातला.

"तो माझा नाही," ती म्हणाली. "तो प्रश्न इरिसबेकचा आहे."

उमसुनाय हसली. कित्येक महिन्यांनी हसली, पण ते हसणं साधं नव्हतं.

दोनच दिवसांनी अगायांनी तिला बोलावलं. कुलपातले ते लॅपटॉप चालू कसे करायचे हे शाळेत दुसऱ्या कुणाला येत नव्हतं. अगायांनी बक्षीस समारंभात एक गोष्ट पाहिली होती: पडद्यावर प्रश्न येतो, मुलं आपापल्या यंत्रावर बटण दाबतात आणि पडद्यावर रंग उसळतात. बरोबर तो हिरवा, चूक तो लाल. त्यांना तेच हवं होतं. मी तेव्हा तिथेच होते, पालक समितीकडून पाहुण्यांच्या जेवणाचं ठरवायला गेले होते, त्यामुळे हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. उमसुनायने त्यांना स्पष्ट सांगितलं की ह्यात हात वर करायचे नसतात, सगळी मुलं सगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, ज्याच्या डोक्यात जे असेल तेच पडद्यावर येतं. एकदा नाही, दोनदा सांगितलं. अगाय तेव्हा कोकरं किती कापायची याचा विचार करत होते.

"सगळी देतात? मग तर उत्तमच," ते म्हणाले. "रंग जास्त दिसतील. तू वायरी जोड, बाकी माझ्यावर सोड."

घरी येताना मला एकच गोष्ट टोचत होती, आणि मी ती बोलून दाखवली. पडदा लाल झाला तर लाज मुलांची जाईल. त्यात माझी मुलगी आहे. उमसुनाय रस्त्यात थांबली. म्हणाली की पडद्यावर नावं येणार नाहीत, ती तिने आधीच काढून टाकली आहेत. मग म्हणाली, "चुकायची सवय त्यांना माझ्याकडे लागली आहे. लाज वाटते ती फक्त त्याला."

तिने प्रश्नातला एक शब्द बदलला नाही. अगायांनी दिले तसेच्या तसे यंत्रात घातले. सगळे लॅपटॉप चालू केले, मुलांना बटणं दाखवली, इंटरनेट तपासलं, जास्तीची वायर आणून ठेवली. मी म्हटलं की निदान एखादी वायर सैल तरी ठेव. तिने मान हलवली. त्या दिवशी शाळेत काहीही बिघडता कामा नये, यासाठी तिच्याइतकी कुणीच धावपळ केली नसेल.

समितीच्या दिवशी आम्ही बायका पहाटेपासून शाळेच्या स्वयंपाकघरात होतो. समितीच्या प्रमुख रायकान एजे, बुटक्या, केस आखूड कापलेले, मांडीवर पर्स घट्ट धरून बसलेल्या. ताटं झाकून मी वर्गाच्या मागच्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. उमसुनाय कोपऱ्यात तारांच्या पेटीजवळ खुर्चीवर, हात मांडीवर. लॅपटॉपवरचे रुमाल काढले होते, प्लास्टिक मात्र तसंच.

अगायांनी सुरुवात झकास केली. मग पहिला प्रश्न पडद्यावर आला. तो कुणाचा होता ते मला ठाऊक नाही, पण वर्गात एकाचाच होता. सवयीने सगळे हात वर गेले, एक उजवा आणि बाकीचे डावे. मग मुलांच्या लक्षात आलं की हाताचं काम नाही. हात खाली आले, बटणं दाबली गेली. पडदा लाल झाला. एका टोकाला हिरव्याचा बारीकसा काप, कलिंगडाच्या सालीएवढा.

अगाय म्हणाले की यंत्रात बिघाड आहे. पुढचा घेतला. पुन्हा लाल. तिसराही लाल.

"यंत्र तर व्यवस्थित चाललेलं दिसतंय," रायकान एजे म्हणाल्या.

आणि मग जे झालं ते कुणी शिकवून ठेवलेलं नव्हतं. उमसुनायनेही नाही, हे मी शपथेवर सांगेन. लाल रंग दिसल्याबरोबर मुलं आपापल्या शेजाऱ्याकडे वळली. त्यांना दोन वर्षं तीच सवय होती. इरिसबेक नुरपेरीला जहाज समजावू लागला, ती म्हणे कशावरून, पलीकडे दोघं वहीचं पान दुमडून होडी करून दाखवू लागली. वर्गाचा जनावरांचा बाजार झाला. खुल्या धड्यात आवाज म्हणजे घरात पाहुणे असताना चूल विझल्यासारखं. अगायांनी टेबलावर हात आपटला आणि गप्प बसा म्हणून ओरडले. रायकान एजेंनी त्यांना हाताने थांबवलं. बोलू द्या त्यांना, म्हणाल्या.

तेव्हा बुरुल उभी राहिली. माझ्या बाजूला तिची आई होती, तिने माझं मनगट धरलं. बुरुलला त्या वाक्याला खूप वेळ लागला. सगळा वर्ग थांबला, कुणी तिच्या तोंडातला शब्द पुरा केला नाही. बर्फ वर तरंगतो हे कळलं, ती म्हणाली, पण मग हिवाळ्यात तलावाच्या तळाचं पाणी का गोठत नाही?

"तो प्रश्न आज नाही," ओस्मोनकुल अगाय म्हणाले.

रायकान एजेंनी पर्स उघडली, चष्मा काढला, घातला आणि त्यांच्याकडे नीट बघितलं. अगायांच्या कपाळावर घाम आला होता. ते कोपऱ्याकडे वळले. इतक्या महिन्यांत ते पहिल्यांदा तिच्याकडे माणसाने माणसाकडे बघावं तसे बघत होते.

"उमसुनाय, काहीतरी कर."

ती उठली असती तर सगळं सावरलं असतं. दोन वाक्यांत तिने तो वर्ग हातात घेतला असता, आणि सगळं श्रेय अगायांच्याच पदरात पडलं असतं. तिला ते कळत होतं, मला कळत होतं, त्यांनाही. ती बसून राहिली.

"अगाय, मला तर फक्त वायरी जोडायला सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज अगदी आदबीचा.

मुलांनी आपणहून मागचे प्रश्न यंत्रावर परत आणले आणि पुन्हा बटणं दाबली. पडदा हिरवा होत गेला. रायकान एजेंनी विचारलं की हे असं शिकायला कुणी शिकवलं. कुणी नाव घेतलं नाही. सगळ्या माना एकदम कोपऱ्याकडे वळल्या, आणि अगायांची पाठ त्या सगळ्या मानांच्या मधे येत होती, म्हणून ते बाजूला सरकले.

जेवणाला समिती बसली, पण मानाच्या माणसाला देतात ते कोकराचं डोकं कुणापुढे ठेवायचं यावर घोळ झाला आणि शेवटी ते तसंच परत आलं. जिल्ह्याची खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. शाळा आदर्श होईल, असं पत्र आलं, पण शरद ऋतूत समिती पुन्हा येणार आणि कोपऱ्यात बसलेल्या त्या बाईंचा वर्ग बघणार.

मग अगायांना आमच्या गल्लीचा रस्ता सापडला. गावातले दोन म्हातारे बरोबर घेऊन आणि नवाकोरा चापान, मानाचा लांब झगा, हातावर टाकून ते उमसुनायच्या दारी आले. म्हाताऱ्यांच्या शब्दाखातर चापान अंगावर घेतला की भांडण मिटलं, असा आमचा रिवाज. तिने त्यांना बसवलं, चहा दिला, भाकरी मोडली. चापान मात्र चटईवर घडीचा तसाच राहिला. तिने सांगितलं की आठवीचा वर्ग हवा, त्या खोलीची किल्ली हवी. अगाय लगेच हो म्हणाले, किल्ली तर खिशातच होती. तिसरी गोष्ट म्हणजे, पालकांच्या सभेत जे बोललात ते त्याच सभेत, त्याच लोकांसमोर परत घ्या.

म्हाताऱ्यांतला एक खाकरला. म्हणाला की पोरी, पांढऱ्या केसांच्या माणसाला इतकं वाकवू नये. तिने त्यालाही विचारलं, "तुम्हाला काय वाटतं आबा, मी काय करावं?" म्हाताऱ्याने चहात तोंड घातलं.

सभा भरली. मागच्या वेळेपेक्षा गर्दी जास्त होती. कुणी सांगितलं नव्हतं तरी सगळ्यांना माहीत होतं. उमसुनाय पहिल्या बाकावर बसली होती. अगाय उभे राहिले. लग्नात मटण गार करणारा तो आवाज त्या दिवशी एका ओळीत आटपला. खाली टेबलाकडे बघत, भरभर, ते म्हणाले की मी उमसुनाय एजेंबद्दल खोटं बोललो, ते धडे त्यांचे होते. आणि बसायला वळले.

"अगाय," उमसुनाय म्हणाली, "मागच्यांना ऐकू आलं नाही बहुतेक."

ते थांबले. त्यांनी मान वर करून मागच्या ओळीकडे बघितलं. तिथे मी बसले होते. मला शब्द न् शब्द ऐकू आला होता. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती, माझ्या लग्नात याच माणसाने आम्हाला आशीर्वाद दिला होता.

मी मान हलवली. नाही आलं ऐकू.

माझ्या शेजारी बुरुलची आई होती. तिनेही मान हलवली.